बेलमाँटची माती नवी, आमची आकडेमोड जुनी



जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आपल्यापैकी बऱ्याच घरांत टीव्हीवर बेलमाँट स्टेक्स लागते. मुले घोड्यांची विचित्र नावे वाचून हसतात, आजी "बिचारा तो शेवटचा" म्हणत हळहळते आणि घरातला एक जण तरी "मी सांगत होतो!" असे ओरडतो. हा लेख त्या ओरडणाऱ्या माणसासाठी आहे. आम्हीही त्याच पंथातले. आम्ही म्हणजे न्यू जर्सीतले पाच मित्र, सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळे इंजिनिअर आणि घोड्यावर आयुष्यात एकदाही न बसलेले.

विषयाला निमित्त आहे ते एलमाँटमधल्या बांधकामाचे. क्वीन्सच्या सीमेला लागून असलेले बेलमाँट पार्क १९०५ साली सुरू झाले. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर तिथली शर्यत थांबली आणि जुना प्रचंड स्टँड पाडला गेला. राज्य सरकारच्या ४५ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जातून तिथे सगळे नव्याने उभे राहते आहे. न्यूयॉर्क रेसिंग असोसिएशनने २०२६ च्या शरद ऋतूत दरवाजे उघडायचे जाहीर केले. बातम्यांत चर्चा आहे ती नव्या स्टँडची, रेस्टॉरंटची आणि शेजारच्या यूबीएस अरीनाची. आमच्या मते खरी बातमी जमिनीवर आहे. मातीचा मोठा ट्रॅक नवा, हिरवळीचे ट्रॅक नवे आणि सगळ्यांच्या आत एक मैलाचा टॅपेटा नावाचा कृत्रिम ट्रॅक, जो बेलमाँटने कधी पाहिलाच नव्हता. शर्यतीचा अंदाज बांधणाऱ्यांच्या हाती असलेली बेलमाँटची जुनी आकडेवारी म्हणजे आता पाडलेल्या घराची लाइट बिले!

आधी शब्दाचा घोटाळा सोडवू. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅपर म्हणजे घोड्याच्या पाठीवर किती वजन द्यायचे ते ठरवणारा अधिकारी. चांगल्या घोड्याला जास्त किलो, साध्याला कमी, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. इथे अमेरिकेत मात्र हँडिकॅपिंग म्हणजे कोण जिंकेल याचा अभ्यास करून अंदाज बांधणे. हातात जुन्या शर्यतींचे तक्ते, पेन्सिल आणि कॉफी असलेला कोणीही स्वतःला हँडिकॅपर म्हणवतो. आम्ही या दुसऱ्या अर्थाने बोलतो आहोत.

आमचा उद्योग सुरू झाला २०२० च्या लॉकडाउनमध्ये. क्रिकेट बंद, बेसबॉल बंद. त्या वर्षी २० जूनला रिकाम्या स्टँडसमोर बेलमाँट स्टेक्स झाली. नेहमीची दीड मैलांची शर्यत त्या वर्षी एक मैल एक फर्लांगाची केली होती. टिझ द लॉ नावाचा घोडा आरामात जिंकला. आम्ही घरी बसून स्प्रेडशीट बनवली: घोडा, अंतर, वेळ, जॉकी, ट्रेनर आणि "पृष्ठभाग" नावाचा एक कॉलम. ऑगस्टमध्ये टिझ द लॉने साराटोगाला ट्रॅव्हर्स स्टेक्सही जिंकली. आमची शीट खूश, आम्ही त्याहून खूश. ५ सप्टेंबरला केंटकी डर्बी होती. टिझ द लॉ फेव्हरिट होता, आमच्या शीटमध्ये तो बाकीच्यांच्या फार पुढे होता, आणि आम्ही प्रत्येकी इतके डॉलर लावले की ते घरी सांगायला दोन आठवडे लागले. ऑथेंटिक जिंकला. टिझ द लॉ दुसरा आला.

त्यानंतरच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आमच्यातल्या एकाचे पुण्याचे काका होते. हे काका पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगाम बघत मोठे झालेले. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, हा घोडा आधी कुठे हरला होता का?" आम्ही शोधले. डर्बीपूर्वी तो एकदाच हरला होता, नोव्हेंबर २०१९ मध्ये, चर्चिल डाउन्सवर, चिखलात. म्हणजे ज्या ट्रॅकवर डर्बी होते, त्याच ट्रॅकवर! आमच्या कॉलममध्ये बेलमाँटलाही "माती", साराटोगालाही "माती", चर्चिल डाउन्सलाही "माती". काका म्हणाले, "तुम्ही घोडा बघितलात, घड्याळ बघितलंत. जमीन कोणी बघितली?"

एका पराभवावरून सिद्धान्त मांडायचा नसतो हे आम्हालाही कळते. पहिल्या वेळी चिखल होता, दुसऱ्या वेळी ट्रॅक कोरडा होता, शिवाय ऑथेंटिक खरोखरच चांगला घोडा होता. पण काकांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

आता भूमिती बघा, हा आमच्या आवडीचा भाग. जुन्या बेलमाँटचा मातीचा ट्रॅक दीड मैलांचा होता, उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा. साराटोगाचा एक मैल एक फर्लांगाचा, चर्चिल डाउन्सचा एक मैलाचा. त्यामुळे बेलमाँटला एक मैल एक फर्लांगाची शर्यत मागच्या सरळ पट्ट्यावरून सुटायची आणि एकच वळण घेऊन संपायची. तेच अंतर साराटोगाला धावायचे तर स्टँडसमोरून सुटून पूर्ण फेरी, म्हणजे दोन वळणे. तक्त्यात दोन्हीकडे अंतर तेच छापलेले असते, शर्यत मात्र वेगळी. एका वळणाच्या शर्यतीत घोड्यांना लांब सरळ पट्टा मिळतो, जागा पकडायला वेळ मिळतो. दोन वळणांच्या शर्यतीत पहिले वळण लगेच येते आणि बाहेरच्या गेटमधून सुटलेला घोडा बाहेरच अडकतो.

बाहेर अडकला तर किती नुकसान? अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा कुंपणापासून एक मीटर जास्त बाहेरून धावला, तर त्याला पाय गुणिले एक मीटर, म्हणजे सुमारे ३.१४ मीटर जास्त पळावे लागते. गंमत अशी की यात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही! वळण मोठे असो की छोटे, नुकसान तेवढेच. (शाळेत पृथ्वीभोवती दोरी गुंडाळायचे कोडे घातलेले आठवते का? तेच हे.) एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटर. तीन मीटर बाहेरून दोन वळणे घेतली तर जवळजवळ १९ मीटर, म्हणजे सात-आठ लेंथचा भुर्दंड. एकाच वळणात तो निम्मा. मोठ्या शर्यती अर्ध्या लेंथने ठरतात, तेव्हा याचा अर्थ लक्षात येईल. म्हणून अंतरापेक्षा वळणांची संख्या आधी बघा, असे आम्ही आता एकमेकांना बजावतो.

त्रिज्या येते ती दुसरीकडे. घोड्याच्या पायांवर वळणात येणारा बाजूचा ताण वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून येतो. ढोबळ हिशेबाने जुन्या बेलमाँटच्या वळणाची त्रिज्या चर्चिल डाउन्सच्या दुप्पट. लांब पावले टाकणारा, मोठ्या अंगाचा घोडा तिथे वेग न तोडता वळायचा, आणि तोच घोडा छोट्या ट्रॅकवर वळणात अवघडायचा. १९७३ साली सेक्रेटेरिएटने तिथेच दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ लेंथने जिंकले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

बेलमाँट बंद असल्याने ही शर्यत २०२४ आणि २०२५ साली साराटोगाला झाली, २०२६ चीही तिथेच ठरली. तिथल्या ट्रॅकच्या आकारात दीड मैल नीट बसत नाही, म्हणून अंतर सव्वा मैल केले, म्हणजे डर्बीइतकेच. दीड मैलांच्या बेलमाँटमध्ये घोड्याचा दम आणि त्याच्या बापजाद्यांचा दम बघावा लागे. सव्वा मैलात तो प्रश्न बराच सौम्य होतो. २०२५ मध्ये काय झाले ते पाहा: डर्बीत पहिले तीन सॉव्हरिन्टी, जर्नलिझम आणि बाएझा. पाच आठवड्यांनी बेलमाँट स्टेक्समध्ये पहिले तीन सॉव्हरिन्टी, जर्नलिझम आणि बाएझा. तोच क्रम! आणि हे आमच्या सिद्धान्ताला टोचणारेही आहे, कारण डर्बी चिखलात झाली होती आणि बेलमाँट कोरड्या ट्रॅकवर. म्हणजे चिखल सगळ्यांनाच बिघडवतो असे नाही. आम्हाला वाटते की इथे अंतर आणि वळणे सारखी होती, हे जास्त मोलाचे ठरले.

आता माती. इथल्या ट्रॅकची माती म्हणजे शेतातली माती नव्हे. वाळू, गाळ आणि चिकणमाती ठराविक प्रमाणात मिसळतात, वर काही इंचांचा मऊ थर आणि खाली कडक तळ. पाऊस येणार असे दिसले की रोलर फिरवून वरचा थर दाबून बंद करतात, म्हणजे पाणी मुरत नाही, वरून वाहून जाते. त्यामुळे होते असे की टीव्हीवर पाण्याने चमकणारा, बघूनच घसरायला होईल असा ट्रॅक प्रत्यक्षात वेगवान असू शकतो. आणि दोन दिवसांनी ऊन पडून अर्धवट वाळलेला, दिसायला बरा असलेला ट्रॅक घोड्यांचे पाय ओढून धरतो. पुण्याला हाच हिशेब पेनेट्रोमीटरने करतात. ते उपकरण हिरवळीत किती खोल जाते त्याचा आकडा शर्यतींच्या वृत्तांतात देतात, आकडा जास्त तर जमीन मऊ. काका आधी तो आकडा आणि फॉल्स रेल म्हणजे तात्पुरते कुंपण कुठे लावले आहे ते वाचायचे, घोड्यांची नावे नंतर.

या सगळ्याचे उत्तर म्हणून ट्रॅक व्हेरिअंट नावाची युक्ती निघाली. अँड्र्यू बायर या पत्रकाराने १९७५ च्या आपल्या पुस्तकातून ती लोकप्रिय केली आणि त्याचे आकडे १९९२ पासून डेली रेसिंग फॉर्ममध्ये छापून येऊ लागले. कल्पना सोपी आहे. समजा एखाद्या दर्जाच्या घोड्यांना सहा फर्लांगांना एरवी ७० सेकंद लागतात. आज त्या दर्जाची शर्यत ७०.६ सेकंदांत झाली, बाकीच्या शर्यतीही त्याच प्रमाणात हळू झाल्या. मग घोडे वाईट नाहीत, ट्रॅक आज जड आहे. तेवढी वेळ वजा करा, म्हणजे घोड्याचा खरा वेग उरतो. सिग्नलमधून नॉइज काढण्याचाच प्रकार.

पण यात एक मेख आहे. एका दिवसात नऊ-दहा शर्यती. त्यातल्या चार-पाच हिरवळीवर. मग मातीच्या राहिल्या पाच. त्यात दुपारी पाऊस आला तर पाचाचे दोन आणि तीन असे भाग. तीन शर्यतींवरून सरासरी काढणाऱ्या ज्युनिअरला आम्ही ऑफिसात परत पाठवू, पण रेसकोर्सवर दोन घोडे पहिल्यापासून पुढे राहून जिंकले की तिसऱ्या शर्यतीला सगळे "आज आतली बाजू चालते आहे" म्हणून पैसे ओततात. कधी ते खरेही असते. बहुतेक वेळा जिंकलेले दोन घोडे नुसतेच चांगले असतात.

व्हेरिअंटने दिवसाचा फरक काढता येतो, पृष्ठभागच बदलला तर मात्र ही वजाबाकी अपुरी पडते. न्यू जर्सीकरांसाठी यातले घरचे उदाहरण म्हणजे ओशनपोर्टचे मॉनमथ पार्क. २००७ ची ब्रीडर्स कप तिथे झाली, पावसाने ट्रॅकचा रबरबाट झालेला. त्या चिखलात कर्लिनने क्लासिक शर्यत साडेचार लेंथने जिंकली. त्याच शर्यतीत जॉर्ज वॉशिंग्टन हा आयर्लंडहून आलेला घोडा पाय मोडून गेला, हेही सांगायलाच हवे. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा कॅलिफोर्नियात सँटा अनिटाला, कृत्रिम ट्रॅकवर. कर्लिन तेव्हा अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा मानला जात होता. तो चौथा आला. पहिले दोन रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही यूरोपात हिरवळीवर धावणारे. घोडा तोच, शर्यतीचे नाव तेच, अंतर तेच, पायाखालचे बदलले.

उलट दिशेचेही धडे आहेत. २०११ चा डर्बी विजेता ॲनिमल किंगडम त्या दिवसापर्यंत मातीवर एकदाही धावला नव्हता. २०२२ चा विजेता रिच स्ट्राइक केंटकीतल्या टर्फवे पार्कच्या कृत्रिम ट्रॅकवरून आला, भाव ८० ला १, दोन डॉलरला १६३ डॉलर ६० सेंट मिळाले. सर्वांनी त्याची कृत्रिम ट्रॅकवरची कामगिरी बघून त्याला बाजूला काढले. त्याच्या तक्त्यात आणखी एक ओळ होती: सप्टेंबर २०२१, चर्चिल डाउन्स, १७ लेंथहून जास्त फरकाने विजय. शर्यत अगदी खालच्या दर्जाची, म्हणून कोणी वाचली नाही. आम्हीही नाही.

हे कृत्रिम ट्रॅक म्हणजे वाळू, तंतू आणि मेण यांचे मिश्रण. टॅपेटा हा प्रकार मायकेल डिकिन्सन या ट्रेनरने बनवला. टोरांटोचे वुडबाइन, फ्लोरिडाचे गल्फस्ट्रीम, पेन्सिल्व्हेनियातले प्रेस्क आइल डाउन्स, सगळीकडे तो आहे. पाणी चटकन खाली जाते, हिवाळ्यात ट्रॅक गोठत नाही. आणि घोडे कमी मरतात. २००९ साली अमेरिकेत दर हजार धावांमागे २.०० घोडे दगावत, २०२२ पर्यंत ते १.२५ वर आले, आणि या नोंदींत कृत्रिम ट्रॅकचा आकडा मातीपेक्षा सातत्याने कमी राहिला आहे. सँटा अनिटाला डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात ३० घोडे गेले, मार्चमध्ये शर्यती काही आठवडे थांबवाव्या लागल्या. त्यानंतरच्या गदारोळातून केंद्रीय कायदा आला आणि जुलै २०२२ पासून ट्रॅकच्या तपासणीचे नियम देशभर लागू झाले. पूर्वी माती किती ओली, किती खोल, हे ट्रॅकच्या माणसाच्या अंगठ्यावर होते. आता मोजून लिहावे लागते.

कॅलिफोर्नियाने मात्र हा प्रयोग करून सोडला. २००६ मध्ये तिथल्या मंडळाने मोठ्या ट्रॅकना कृत्रिम पृष्ठभागाची सक्ती केली. सँटा अनिटाचा नवा ट्रॅक २००८ च्या जानेवारीत पाणीच सोडेना, शर्यती रद्द झाल्या, आणि २०१० च्या अखेरीस ते मातीवर परतले. डेल मार २०१५ मध्ये परतले. बे एरियातल्या मंडळींच्या ओळखीचे गोल्डन गेट फील्ड्स जून २०२४ मध्ये बंद झाले. दुबईच्या मेदाननेही २०१० ला टॅपेटा घेतला आणि २०१४ ला माती आणली. घोडेमालकांना आणि पैसे लावणाऱ्यांना हा पृष्ठभाग रुचला नाही. आमच्या अंदाजाने कारण साधे आहे: मातीवर पुढे सुटलेला घोडा मागच्यांच्या तोंडावर माती उडवत पुढेच राहतो, ते ओळखायला लोक शिकलेले असतात. कृत्रिम ट्रॅकवर शेवटपर्यंत गर्दी असते आणि जुने शहाणपण चालत नाही.

बेलमाँटला आता दोन्ही असेल. मोठ्या शर्यती मातीवर, हिवाळ्याचा भार टॅपेटावर. आणि पावसामुळे हिरवळीवरून हलवलेल्या शर्यती टॅपेटावर जाऊ लागल्या की एक जुना हिशेब उलटेल. आतापर्यंत अशी शर्यत मातीवर जायची आणि हिरवळीचे अर्धे घोडे माघार घ्यायचे. टॅपेटावर ते थांबतील, कारण हिरवळीच्या घोड्याला तो पृष्ठभाग मातीपेक्षा जवळचा वाटतो. म्हणजे पावसाळी दिवसाचे तक्ते नव्याने मांडा.

हे सगळे आम्ही आत्ता लिहितो याला कारण आहे. गेल्या काही महिन्यांत आपल्याच दोन-तीन घरांतल्या मंडळींनी आम्हाला फोनवरची ॲप दाखवली. "वीस वर्षांच्या डेटावर शिकवलेले मॉडेल", महिना इतके डॉलर. त्यांतल्या एकाला आम्ही विचारले, यातला बेलमाँटचा डेटा कुठल्या ट्रॅकचा? उत्तर आले नाही. न्यूयॉर्कमध्ये साध्या विन बेटवर १६ टक्के आणि ट्रायफेक्टावर २४ टक्के रक्कम आधीच कापली जाते. शिवाय समोर संगणक घेऊन बसलेले मोठे खेळाडू आहेत, जे शेवटच्या क्षणी पैसे टाकून भाव हलवतात. ज्याच्याकडे नव्या ट्रॅकच्या पहिल्या शंभर शर्यती नाहीत, त्याचे मॉडेल पहिल्या दिवशी आजीइतकेच हुशार असेल. आजी निदान महिन्याचे पैसे मागत नाही.

आमच्या पाच जणांचे ठरले आहे. बेलमाँट उघडले की पहिले सहा आठवडे एक पैसा लावायचा नाही. वही घेऊन जायचे, प्रत्येक शर्यतीची वेळ, पृष्ठभाग, कुंपण कुठे होते, आदल्या दिवशी पाऊस किती, आणि जिंकणारा घोडा वळणात कितवा बाहेर होता, एवढे लिहायचे. "पृष्ठभाग" कॉलमचे आता सहा कॉलम झाले आहेत. पुण्याचे काका तेव्हा इकडे येणार आहेत. पेन स्टेशनहून लाँग आयलंड रेलरोडने जायचे, मुलांनाही न्यायचे. कोणाला बरोबर यायचे असेल तर कोजागिरीच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. डब्यात काय न्यायचे यावर मात्र अजून एकमत नाही, तीन मते वड्यांना आणि दोन थालीपिठाला आहेत.